मंडळी आणि तिचा सामान्य सभासद

कोणतीही संस्था उभी राहते ती चार धडपड्या माणसांमुळे. पण टिकते ती तिच्या सामान्य सभासदांमुळे. पहिली पिढी थकली की दुसरी तयार आहे काय, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे कधी ना कधी उभा राहतोच. ख्रिस्ती मंडळीपुढेही तो होता आणि आजही आहे. तिने तो कसा हाताळला व ती कोठे चुकली, हे समजून घेणे महोत्सवाच्या या प्रसंगी अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम शब्दांविषयी. मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात इमारत नसते, माणसे असतात. ‘मिशन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठवणे’ असा आहे. पौलाने इफिस येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक व शिक्षक कशासाठी दिले आहेत, हे सांगितले आहे. भाविकांना सेवेच्या कामी सिद्ध करावे, हा त्यांच्या नेमणुकीचा हेतू होय. म्हणजे पाळकाने सर्व कामे स्वतः करावीत आणि इतरांनी ती पाहावीत, अशी मूळ योजनाच नव्हती.

आपल्या सुरतेचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारीत त्यांचा पाद्री असे. हेन्री लॉर्ड नावाच्या अशाच एका पाद्र्याने वाणी व पारशी यांच्या धर्मांविषयी लिहिलेला ग्रंथ 1630 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु पाद्र्याचे मुख्य काम वखारीतील आपल्या लोकांपुरतेच असे. 1815 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायव्ही येथे आले, तेव्हा चित्र पालटले. त्यांनी गुजराती शिकून बायबलच्या भाषांतरास हात घातला व पुढे छापखानाही चालविला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम आयरिश प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. लोकांच्या हाती त्यांच्याच भाषेतील पुस्तक देणे ही तयारीची पहिली पायरी होय. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला तो सामान्य जनांसाठीच. त्यामुळे ही गोष्ट आपणांस नवी वाटू नये.

मराठीत नवा करार सेरामपूर येथे 1811 मध्ये छापला गेला. तथापि साध्या बाईमाणसाला समजेल असे भाषांतर हवे, हा ध्यास पंडिता रमाबाईंनी घेतला. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या निवर्तल्या आणि 1924 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवून छपाई केली. ज्यांना जगाने टाकून दिले होते, त्यांच्याच हातून हे काम झाले. सिद्ध करणे म्हणतात ते याला!

दुसरी पायरी म्हणजे लोकांच्या चालीरीतींतून शिकवणे. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजने व अभंग रचले. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही भजन पाठ होते आणि तो ते शेतावर गुणगुणतो.

आता चुकीविषयी. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसास पुष्कळदा घरदार व व्यवसाय सोडावा लागे. मिशन त्यास शिक्षक किंवा उपदेशक म्हणून पगारावर घेई. हेतू दयेचा होता, पण परिणाम वेगळाच झाला. सेवा हे पगारदारांचे काम आहे आणि आपण फक्त रविवारी येऊन बसावे, अशी समजूत रुजली. पैसा व निर्णय परदेशी मंडळांच्या हाती राहिल्याने आपल्या लोकांच्या खांद्यांस ओझे वाहण्याची सवयच लागली नाही.

टिळकांना हे सलत होते. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, 1904 मध्ये पाळक झाले. परंतु 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. संसारी माणसाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ठरलेली मिळकत सोडावी, ही लहान गोष्ट नव्हे. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबारही फार दिवस टिकला नाही. सामान्यांना उभे करण्यासाठी निघालेला उपक्रम एका थोर पुरुषाच्या पाठीमागे विरून जावा, यातच मोठा धडा आहे.

पण एक तयारी फुकट गेली नाही. पतीने घरीच अक्षरओळख करून दिलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ मराठीला दिली.

पुढे मंडळ्या स्वतंत्र झाल्या. 1970 मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1965 मध्ये, सामान्य श्रद्धावंतांच्या कार्याविषयी स्वतंत्र आदेश काढला. शिक्षक, परिचारिका, कारकून यांनी आपापल्या जागी सचोटीने वागणे हेही सेवाकार्यच, असा त्याचा आशय आहे.

धर्मांतराच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. या इतिहासातून कोणत्याही धर्माच्या संस्थेने घ्यावे असे तीन गोष्टींचे सार आहे: माणसास त्याच्या भाषेत शिकवावे, शिकवून झाल्यावर काम सोपवावे आणि सोपविल्यावर विश्वास ठेवावा. पहिली गोष्ट बहुतेक संस्था करतात. दुसरी काही करतात. तिसरी फार थोड्या. आपला न्यास यांपैकी कोठे बसतो, हे प्रत्येक सभासदाने स्वतःलाच विचारावे. कारण पुढच्या महोत्सवाची स्मरणिका आज मागच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींनीच काढावयाची आहे.