रेटिंग पडतंय? आधी झोप तपासा

बुद्धिबळ हा खेळ जुनाच, पण आता तो आपल्या वस्त्यांमध्ये मोबाइलवर, घड्याळ लावून खेळला जातो. ५ मिनिटांचा डाव, ३ मिनिटांचा डाव, कधी अवघ्या १ मिनिटाचा. अभ्यासिकेतली मुलं खेळतात, रिक्षा स्टँडवरची खेळतात, रात्रपाळीवरून आलेलीही खेळतात. आरोग्य शिबिरात आया आमच्याकडे तक्रार करतात, "सिस्टर, पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतंय, मोबाइल फोडूनच टाकते एक दिवस." आणि तीच मुलं नंतर बाजूला येऊन सांगतात, "ताई, माझं रेटिंग दीडशेनं पडलं. डोकंच चालत नाही आता."

आईची तक्रार आणि मुलाची तक्रार, या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ते समजलं तर मोबाइल फोडावा लागत नाही आणि डोक्याला दोषही द्यावा लागत नाही.

आकडा काय सांगतो

ज्या पालकांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो, त्याला रेटिंग म्हणतात. जिंकलं की वाढतो, हरलं की उतरतो. आपल्याच तोडीच्या खेळाडूशी हरलं तर थोडेच गुण जातात, पण एका रात्रीत आठ-दहा डाव ओळीनं हरले तर आकडा धाडकन खाली येतो. पन्नासेक गुणांची चढउतार तर चांगल्या खेळाडूंचीही होते. तिचं काही वाटून घेऊ नये.

पण आपल्या मुलांच्या मनाला ती लागते. बुद्धी हा तुमचा प्रांत नाही, असं आपल्या समाजाला शतकानुशतकं ऐकवलं गेलं. बाबासाहेबांनी ते खोटं करून दाखवलं. तरीही रात्री दोन वाजता एखादा मुलगा पडलेल्या आकड्याकडे बघतो आणि "मी ढच आहे" म्हणतो, तेव्हा ते जुनंच विष वर येत असतं. म्हणून आम्हाला हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यावासा वाटला. वॉर्डात रुग्णाच्या खाटेला तापाचा तक्ता लावलेला असतो. तापाचा आकडा चढला म्हणून रुग्णाला कुणी नालायक ठरवत नाही, कारण शोधतात. रेटिंगचंही तसंच करायचं.

३ मिनिटांत शरीराला काय करावं लागतं

३ मिनिटं म्हणजे १८० सेकंद. डाव ४० चालींचा झाला तर एका चालीला साडेचार सेकंद मिळतात. १ मिनिटाच्या डावात तर दीडच सेकंद. एवढ्या वेळात पट बघायचा, धोका ओळखायचा, चाल ठरवायची आणि बोट हलवायचं. खोल विचाराला वेळ नसतोच. तिथे उपयोगी पडतात दोन गोष्टी: आधी सरावानं डोळ्यात बसलेल्या रचना आणि त्या क्षणाची सावधानता.

या दोन्हींना झोप लागते. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची हालचाल आणि निर्णय थोडी दारू प्यालेल्या माणसासारखे मंदावतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. सकाळी ६ ला उठलेला मुलगा रात्री १२ ला १८ तास जागा असतो. त्या वेळी तो वजीर फुकट देतो, त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नसतो. शिवाय दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेतच. किशोरवयात ८ ते १० तास आणि मोठ्यांना किमान ७ तास झोप हवी.

आमच्या ओळखीचा १९ वर्षांचा एक मुलगा दिवसा गॅरेजमध्ये काम करतो. त्याला आम्ही उपदेश केला नाही, वहीत चार रकाने पाडायला सांगितले: डाव किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, निकाल काय, हरण्याचं कारण काय. दोन आठवड्यांनी वही त्यानंच वाचून दाखवली. संध्याकाळचे डाव बरोबरीनं सुटत होते. मध्यरात्रीनंतरचे बहुतेक गेले होते आणि कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द होता, "दिसलंच नाही." रात्री १० नंतर खेळायचं नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलं. आकडा हळूहळू जागेवर आला. आईशी होणारं भांडणही मिटलं.

हरल्यावरचा पुढचा डाव

हरल्यावर छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, हात घाई करतो. "एकच डाव, गेलेले गुण परत आणतो" असं म्हणत खेळलेला डाव सगळ्यात वाईट असतो. म्हणून नियम करावा: लागोपाठ दोन डाव हरले की मोबाइल खाली. पाणी प्यावं, गल्लीत एक चक्कर मारावी.

विहारात आपण आनापान करतो. प्रत्येक डावाआधी डोळे मिटून पाच श्वास नुसते बघितले, तरी धडधड कमी होते. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता: तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. सरावालाही हेच लागू आहे.

डोळे, मान, अंगठा आणि ताट

स्क्रीनकडे टक लावली की पापण्या लवणं निम्म्यावर येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघावं. अंधारात पांघरुणाखाली खेळू नये. डोकं दुखत असेल किंवा लांबचं पुसट दिसत असेल तर सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत.

डोक्याचं वजन साधारण ५ किलो असतं. मान पुढे वाकवली की मानेच्या स्नायूंवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. मोबाइल डब्याला किंवा पुस्तकांना टेकवून डोळ्यांसमोर ठेवावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे दुखत असेल तर दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं खेळावं आणि काही दिवस डाव कमी करावेत.

उपाशी पोटी आणि चहावर चहा पिऊन डोकं तल्लख होत नाही. संध्याकाळी घेतलेल्या चहा-कॉफीचा अंमल झोपेच्या वेळेपर्यंत राहतो. त्याऐवजी शेंगदाणे-गूळ, फुटाणे, उकडलेलं अंडं, मोड आलेली मटकी खावी. मुलींच्या बाबतीत रक्त तपासणं फार गरजेचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १० मुलींपैकी जवळपास ६ जणींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकू नये. जेवणाला लिंबू असावं आणि जेवणाबरोबर चहा नको.

आता खेळाबद्दल

शरीर जागेवर आलं की सरावाचा उपयोग होतो. चांगल्या खेळाडूंकडून आणि मुलांबरोबर बसून आम्ही जे शिकलो, ते असं:

१. १ मिनिटाचे डाव बंद करा. त्यांनी घाईची सवय लागते. ३ मिनिटं अधिक दर चालीला २ सेकंद, असा डाव निवडा. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतही हीच वेळ असते. ६० चालींच्या डावात त्यामुळे प्रत्येकाला १८० ऐवजी ३०० सेकंद मिळतात.

२. दिवसाला एक तरी संथ डाव खेळा, १५ मिनिटं अधिक १० सेकंदांचा. रचना डोळ्यात बसतात त्या इथे.

३. हरलेला डाव आधी स्वतः बघा, नंतर संगणकाला विचारा. लिचेस या संकेतस्थळावर खेळणं आणि डाव तपासणं दोन्ही फुकट आहे, जाहिरातीही नाहीत.

४. रोज १५ मिनिटं कोडी सोडवा, पण घड्याळ न लावता. दहा घाईत चुकवण्यापेक्षा पाच बरोबर सोडवा.

५. चाल करण्याआधी तीन गोष्टी बघा: शह आहे का, काही मारता येतं का, समोरचा काय मारणार आहे. सवय झाली की हे दोन सेकंदांत होतं.

६. सुरुवातीच्या चाली मोजक्याच पक्क्या करा: पांढऱ्यांकडून एक पद्धत, काळ्यांकडून दोन. राजा-प्याद्याचे आणि हत्तीचे साधे शेवट शिका.

७. चार्जिंग आणि नेटवर्क बघूनच डाव लावा. अर्ध्यात नेट गेलं तरी घड्याळ चालूच राहतं.

पैसे लावू नका

काही ॲप पैसे लावून खेळायला बोलावतात. २०२५ साली संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संपत्तीनाशाची जी कारणं सांगितली, त्यांत जुगार आहे आणि अवेळी भटकणंही आहे. रात्री दोनला पैसे लावून खेळणारा घरबसल्या दोन्ही करतो.

मूल जेवणखाण सोडत असेल, कुणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर रागावू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तिथे फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

पट विहारात मांडा

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं १९ व्या वर्षी जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम सामन्यात कोनेरू हंपीविरुद्ध संथ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. त्या जलद डावांमागे लहानपणापासूनचे कितीतरी संथ डाव होते, हे आपल्या मुलांना सांगा. आणि ती मुलगी आहे, हे आपल्या घरातही लक्षात ठेवा. मोबाइल भावाच्या हातात आणि भांडी बहिणीच्या हातात, असं असेल तर तिचं रेटिंग वाढणार कधी?

प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर दोन पट मांडता येतील. मुलं-मुली समोरासमोर बसून संथ डाव खेळतील, मोठी मुलं लहानांना शिकवतील. आई-बाबांनो, मोबाइल हिसकावण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा आणि घोडा कसा चालतो ते विचारा. मग रात्री १० वाजता घरातले सगळे मोबाइल एका जागी ठेवा, आपलाही त्यातच ठेवा. आणि वहीतले चार रकाने आजपासूनच सुरू करा.

जय भीम.