वारीची वाट आणि शेतकऱ्याचे पाय

मृगाच्या सरींवर पेरणी उरकली, की महाराष्ट्रातील कितीतरी शेतकरी कुटुंबांतून कोणी ना कोणी पंढरीची वाट धरते. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. तेथून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. भक्तीच्या बळावर एवढी वाट चालून होते, हे खरे. परंतु परतल्यावर शेतकऱ्यापुढे खुरपणी, कोळपणी उभी असते; मावळात भाताची लावणी चालू असते. त्या वेळी पाय निकामी झालेले असले, तर हंगाम कोणासाठी थांबत नाही.

जन्मभर रानात चालणाऱ्यास तयारी कसली, असे पुष्कळांना वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. रानातील माती पावलाखाली दबते. डांबरी व सिमेंटचा रस्ता दबत नाही. शिवाय शेतात पाऊल कधी सरीत, कधी वरंब्यावर, दर वेळी निराळे पडते. रस्त्यावर मात्र ते तासन्‌तास एकाच रीतीने पडते आणि सारा भार टाचेच्या व चवड्याच्या त्याच त्या जागी येतो. म्हणूनच दिवसभर औत हाकणारा धट्टाकट्टा गडीही पुणे ते सासवड हा दिवे घाटाच्या चढणीचा, ३० किलोमीटरांहून लांब टप्पा संपताना लंगडू लागतो.

यावर उपाय म्हणजे रस्त्यावरच सराव करणे. पेरणीच्या धांदलीत तो जमत नाही. यास्तव वैशाखातच आरंभ करावा. प्रथम एक दिवसाआड तीन-चार किलोमीटर चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. निघण्यापूर्वी एकदोन वेळा पडशीसह पंधरा किलोमीटर चालून पाहावे. ज्या वहाणा घालून वारीस जायचे, त्याच सरावात घालाव्यात. वारीसाठी मुद्दाम कोरे पायताण घेऊन निघण्याची हौस पायांना फार महाग पडते. नव्या वहाणा घ्यावयाच्याच असतील, तर त्या महिनाभर आधी व संध्याकाळी घ्याव्यात. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेले असतात व माप बरोबर मिळते.

पायास फोड येतो तो घर्षण, उष्णता व ओल यांच्या योगाने. पावसात भिजलेले पाय मुक्कामी पोहोचताच धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत, म्हणजे चिखल्याही होत नाहीत. कातडी चुरचुरू लागताच थांबून त्या जागी चिकटपट्टी लावावी. फोड येण्याची वाट पाहू नये. लहान फोड फोडू नये. मोठा, ताणलेला व चालू न देणारा फोड असेल, तर हात व ती जागा साबणाने धुऊन निर्जंतुक सुईने कडेला टोचावे, पाणी निघू द्यावे आणि वरची कातडी तशीच ठेवून स्वच्छ पट्टी बांधावी. ती कातडी ओढून काढण्याची खोड अनेकांस असते. तिच्यामुळेच साधा फोड चिघळतो.

सकाळी उठून पहिली पावले टाकताच टाचेत कळ येते व थोडे चालल्यावर ती कमी होते, हे तळव्याच्या टाचेपासून बोटांपर्यंतच्या पट्ट्यावर ताण आल्याचे लक्षण असते. अंथरुणातच उपरणे चवड्यास अडकवून पाऊल सावकाश आपल्याकडे ओढावे व अर्धा मिनिट धरावे. असे तीन-चार वेळा करावे. भिंतीस हात टेकून पोटरीही ताणावी. मुक्कामी थंड पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवल्याने आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र उपाशीपोटी, विशेषतः एकादशीच्या उपवासात, घेत सुटू नये. पोटात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडासही अपाय करतात. एखाद्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी दुखरी सूज असून रात्रीही ठणका राहिला, तर चालणे थांबवून वैद्यकीय पथकाकडे जावे.

मधुमेही वारकऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. काटा रुतला तरी त्यास कळत नाही. दुखत नाही म्हणून तो चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. त्याने अनवाणी चालू नये. नवस असल्यास घरच्यांनी समजूत घालावी. रोज सायंकाळी दुसऱ्याकडून तळवे उजेडात पाहून घ्यावेत. पाय कढत पाण्यात बुडवू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आशा स्वयंसेविकांच्या साहाय्याने दिंडीत जाणाऱ्यांची यादी करून निघण्यापूर्वी सर्वांस प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे की नाही हे तपासावे आणि रक्तातील साखरही मोजून घ्यावी. दिंडी परतल्यावर पुन्हा एक फेरी करावी. कारण उघड्या जखमेनिशी लावणीच्या चिखलात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरण्याचा धोका असतो. जखम भरेपर्यंत चिखलातील काम घरातील दुसऱ्याकडे द्यावे. तसे करणे शक्यच नसेल, तर जखम झाकून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत.