बाबांचा ‘मामा’ झाला तेव्हा…

दत्तक घ्यायला सहकुटुंब परदेशी जायचं म्हटलं की लोकांना अजूनही पहिली आठवते ती अँजेलिना जोली. २००२मध्ये कंबोडिया, २००५मध्ये इथिओपिया… मॅगझिनच्या कव्हरवर सगळा गोतावळा! आमच्या स्टोरीत ग्लॅमर शून्य. आम्ही न्यू जर्सीत राहणारे नवरा-बायको, दोघंही आयटीतले, आठ वर्षांचा एक मुलगा. पासपोर्ट अमेरिकन, सोबत ओसीआय कार्ड. आणि आमचा ‘परदेश’ कुठला? तर मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं गाव! २०२३च्या जूनमध्ये मुलाला समर व्हेकेशन लागली आणि आम्ही तिघं निघालो. ऑगस्टअखेर परतलो ते चौघं.

चौथी म्हणजे आमची लेक. खरं नाव ती मोठी झाल्यावर हवं तर सांगेल, इथे चिऊ म्हणू या. तेव्हा ती सव्वातीन वर्षांची होती. जन्मतः ओठ दुभंगलेला, टाळूही. ओठाचं ऑपरेशन झालेलं, टाळूचं बाकी होतं.

कागदांचा डोंगर

आधी बोअरिंग पार्ट उरकून टाकते. भारतातून मूल परदेशी दत्तक जाताना एवढी कडक तपासणी कशाला, असं वैतागून विचारणारे भेटतात. त्याला कारण आहे. एकेकाळी या व्यवहारात भलतेसलते प्रकार चालायचे. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला तक्रारीचं पत्र लिहिलं, कोर्टानं तेच पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८४मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या निकालानं नियम घालून दिले. १९९०मध्ये ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण आलं, २००३मध्ये भारतानं हेग करार स्वीकारला. पहिला हक्क भारतातल्या आणि एनआरआय पालकांचा. तिथे घर मिळालं नाही तर मूल आमच्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी मोकळं होतं. म्हणूनच बाहेर जाणाऱ्यांमध्ये थोडी मोठी मुलं, एकत्र राहायला हवीत अशी भावंडं आणि चिऊसारखी मुलं जास्त दिसतात.

मग सुरू होते रांग. होम स्टडीत सोशल वर्कर घरी येते, पगाराच्या स्लिपा आणि मेडिकल बघते, आमच्या चिरंजीवांची तर तिनं वेगळी मुलाखत घेतली. अमेरिकन सरकारचे आय-८००ए आणि आय-८०० हे फॉर्म. काराची एनओसी. सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे सुनावणी कलेक्टर ऑफिसात. त्यानंतर जन्मदाखला, चिऊचा भारतीय पासपोर्ट, काराचं आणखी एक सर्टिफिकेट आणि शेवटी व्हिसा. २०००च्या एका अमेरिकन कायद्यामुळे असं मूल पालकांबरोबर त्या व्हिसावर तिकडे उतरलं की लगेच नागरिक होतं. (आम्हाला त्यासाठी किती वर्षं घासावी लागली, ते विचारू नका!)

कागद कटकटीचे आहेत, पण त्यांचं काय करायचं ते कोणीतरी सांगतं. पुढचं कोणी सांगत नाही.

मावशींची डिक्शनरी

पहिल्या भेटीत स्लो मोशनमध्ये धावत येणं वगैरे काही झालं नाही. चिऊ मावशींच्या पदराआड गेली, ती अर्धा तास बाहेरच आली नाही. मावशी म्हणजे संस्थेत तिला सांभाळणाऱ्या. चिऊ दोन महिन्यांची असल्यापासून त्यांच्याच हातात.

टाळू जुळलेली नसली की हवा नाकातून निसटते. प, ब, द असे आवाज काढायला तोंडात हवा कोंडावी लागते, ती कोंडतच नाही. मग ‘पाणी’चं होतं ‘माणी’, ‘पोळी’ची ‘मोळी’ आणि ‘बाबा’चं थेट ‘मामा’! ‘दादा’ म्हणायला गेली तर निघालं ‘नाना’. म्हणजे पहिल्याच दिवशी माझा नवरा लेकीचा मामा झाला आणि आठ वर्षांचा मुलगा नाना. “सात समुद्र ओलांडून आलो आणि पोरीनं मामा बनवला,” म्हणून नवरा हसत होता.

मला रात्री झोप लागली नाही. चिऊचं बोलणं पूर्ण कळणारं अख्ख्या जगात एकच माणूस होतं, आणि त्याच माणसापासून तिला तोडून न्यायला आम्ही आलो होतो. आमच्याकडच्या फाइलमध्ये तिचं वजन, उंची, लसी, ब्लड रिपोर्ट सगळं होतं. ‘माणी’ कुठेच नव्हतं.

अमेरिकेतली आमची एजन्सी म्हणत होती, मूल ताब्यात मिळालं की दिल्लीत हॉटेल घ्या, पेपर्स होईपर्यंत आरामात राहा. आम्ही ऐकलं नाही. आदेश येण्याआधी मूल पालकांकडे सांभाळायला देण्याची सोय नियमात आहे. आम्ही त्याच गावात, संस्थेपासून दहा मिनिटांवर टूबीएचके भाड्यानं घेतला. नवरा रात्री लॅपटॉपवर अमेरिकेचं ऑफिस करायचा, दिवसा घोरायचा. आणि संस्थेतल्या ताईंना विचारून मावशींना रोज ड्यूटी संपल्यावर आमच्याकडे बोलावलं.

मी वही घेऊन बसायचे. मावशी सांगायच्या, “नुसतं माणी म्हणली तर प्यायला. डोक्यावर हात नेऊन माणी म्हणली तर अंघोळ. वरण घट्ट ठेवा मॅडम, पातळ केलं की नाकातून येतंय. अन् आडवं करून काही भरवू नका.” झोपवायचं कसं? “थोपटून न्हाई झोपत ती. कान चोळायचा, उजवा.” मावशींच्या जुन्या साडीचा एक तुकडा चिऊ उशाशी घ्यायची. तो धुवायचा नाही, अशी ताईंची सक्त ताकीद होती. वास जातो ना! दहाव्या-बाराव्या दिवशी मावशी मला ‘मॅडम’ऐवजी ‘चिऊची आई’ म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

गंमत म्हणजे चिऊशी सगळ्यात आधी गट्टी जमली ती नानाची. त्याचं मराठी रविवारच्या मराठी शाळेतलं. ‘मला भूक आहे’ छाप! तो चुकला की चिऊ खदाखदा हसायची. तिच्या बोलण्यातलं अर्धं त्याला कळायचं नाही, पण त्याला त्याची लाजही नव्हती. तो सरळ परत विचारायचा.

‘नशीब काढलं पोरीनं!’

हे वाक्य आम्ही किती जणांकडून ऐकलं! काकू, रिक्षावाले, पासपोर्टच्या रांगेतले अनोळखी आजोबा… सगळे प्रेमानंच बोलतात. “मोठं पुण्याचं काम केलंत हो.” मी आधी हसून मान डोलवायचे. नंतर सांगायला लागले, की आम्हाला लेक हवी होती आणि ती मिळाली, यात पुण्य कसलं? आणि नशिबाचंच म्हणाल, तर त्या एका उन्हाळ्यात या पोरीची मावशी गेली, गाव गेलं, शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणी गेल्या. ते कोणी मोजत नाही.

निघायच्या दिवशी तिच्या पायात सँडल मावशींनीच घातल्या. “आईबरोबर जा,” म्हणाल्या आणि वळून थेट आत गेल्या. ताईंनी तसं आधीच ठरवून ठेवलं होतं. मुलाला हातातून ओढून घेतल्यासारखं वाटू नये म्हणून. चिऊ गाडीत तासभर ओरडून रडली. विमानात मात्र गप्प. न्यू जर्सीत पहिले तीन आठवडे ‘माणी’शिवाय एक शब्द नाही! शेजारची मैत्रीण म्हणाली, “किती शांत आहे गं तुझी मुलगी.” पीडिएट्रिशियननी मात्र बरोबर ओळखलं. ती शांत नव्हती, दुःखात होती.

तेव्हापासून रविवारी सकाळी, म्हणजे मावशींच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये टाळूचं ऑपरेशन झालं, मग स्पीच थेरपी. थेरपिस्टनं घरात मराठीच बोला म्हणून बजावलं. फेब्रुवारीत स्वच्छ ‘बाबा’ आलं. पण चॉकलेट हवं असलं की आजही ‘मामा’च! काराला पाठवायचे फॉलो-अप रिपोर्ट दोन वर्षांचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. सहावा आणि शेवटचा २०२५मध्ये गेला.

रविवारचे कॉल चालूच आहेत. चिऊ आता फाडफाड बोलते, पण निम्मं इंग्लिशमध्ये. मावशींना ते कळत नाही. मग त्या नानाला फोनवर बोलावतात, तो मध्ये बसतो आणि त्यांना मराठीत सांगतो.