विश्लेषण : वेळापूरच्या उन्हात सफरचंद येईल, पण घरात सायडर केले तर?

सांगलीतील जत, नाशिकमधील बागलाण अशा उष्ण तालुक्यांत गेल्या काही वर्षांत सफरचंदाच्या बागा दिसू लागल्या. ऊस आणि डाळिंबाच्या सोलापूर पट्ट्यातही या पिकाबद्दल कुतूहल आहे. झाड वाढले, फळही आले, तरी लहान, डागी किंवा उन्हाने भाजलेल्या फळाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. परदेशात अशा फळापासून घरोघरी ‘हार्ड सायडर’ करतात, हे समाजमाध्यमांतील चित्रफितींमुळे गावागावांत पोहोचले आहे. माळशिरस तालुक्यातील वेळापूरच्या एखाद्या शेतकऱ्याला हे दोन्ही जमेल का? पहिले काही अटींवर जमेल. दुसरे मात्र हवामानाला मानवणारे नाही आणि कायद्यालाही. ते का, याचा हा आढावा.

कमी थंडीचे सफरचंद म्हणजे काय?

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने टाकून झोपी जाते. ही झोप मोडून फुलोरा येण्यासाठी त्याला ठरावीक तास थंडी लागते. साधारण ७ अंश सेल्सिअसखालील तास यासाठी मोजले जातात. काश्मीर-हिमाचलातील ‘डेलिशियस’ गटातील वाणांना असे सुमारे एक हजार किंवा त्याहून अधिक तास लागतात. सोलापूर जिल्ह्यात पारा १० अंशांखाली गेला तरी त्याची बातमी होते. त्यामुळे बाजारातील लाल सफरचंदाची बी किंवा कलम येथे लावल्यास हिरवे झाड मिळते, फळ मिळत नाही.

कमी थंडीच्या वाणांची गरज मात्र शे-तीनशे तासांच्या आसपास असते. ‘अ‍ॅना’ हे त्यातले प्रसिद्ध वाण इस्रायलमध्ये संकरातून तयार झाले. ‘डॉर्सेट गोल्डन’ हे वाण बहामाज बेटांवर सापडले. ‘अ‍ॅना’ला परागीकरणासाठी दुसरे वाण जवळ लागते. त्यामुळे ही दोन्ही शेजारी-शेजारी लावण्याची पद्धत आहे. भारतात सर्वाधिक गाजलेले वाण म्हणजे ‘एचआरएमएन-९९’. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ते कमी उंचीच्या, उष्ण भागात विकसित केले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने ते इतर राज्यांत नेले. शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

वेळापूरला ते मानवेल का?

हे वाण ‘४५ अंशांतही येते’ अशी जाहिरात सर्रास होते. झाड जगणे आणि बाग परवडणे यांत मात्र फरक आहे. वेळापूरच्या हिवाळ्यात शे-तीनशे तासांची थंडीही भरवशाने मिळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग आहे आणि तो डाळिंबवाल्यांना नवा नाही. बाग ताणावर सोडायची, पानगळ करायची, हलकी छाटणी घ्यायची आणि पाणी सोडून बहार धरायचा. इंडोनेशियात पूर्व जावातील बातू या डोंगराळ भागात सफरचंदाची पाने हाताने काढून वर्षात दोनदा फळ घेतले जाते. तत्त्व तेच. पण बातूची हवा थंड आहे, वेळापूरची नाही. शिवाय डाळिंबासाठी वापरले जाणारे पानगळीचे औषध त्याच मात्रेत सफरचंदावर मारणे धोक्याचे ठरू शकते.

दुसरी अडचण जमिनीची. सफरचंदाला निचऱ्याची, किंचित आम्ल ते उदासीन जमीन लागते. नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील भारी काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्याने पाने पिवळी पडतात. त्यामुळे मुरमाड, उताराची जमीन, गादीवाफा आणि ठिबक यांना पर्याय नाही. लागवडीपूर्वी माती परीक्षणात सामू आणि मुक्त चुन्याचे प्रमाण पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

तिसरी अडचण उन्हाची. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेले झाड मे-जूनमध्ये फळ देते. म्हणजे आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येण्याच्या सुमारास किंवा त्याच्या थोडे आधी तोडणी होते. बाजाराच्या दृष्टीने हा काळ चांगला. हिमाचलचा नवा माल साधारण जुलैनंतर येतो आणि तोवर शीतगृहातील व आयात सफरचंदावरच गिऱ्हाईक असते. पण फळ पोसण्याचा काळ ऐन उन्हाळ्याचा असतो. साल भाजते, रंग फिका राहतो, गर लवकर पिठूळ होतो. म्हणून शेडनेटचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

हार्ड सायडर म्हणजे नेमके काय?

सफरचंदाच्या रसाची तीन रूपे आहेत आणि तिन्हींच्या नावांत गोंधळ होतो. ताजा रस, तो आंबवून झालेले मद्य म्हणजे सायडर, आणि त्या मद्याचे पुढे आम्ल होऊन बनलेले अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. अमेरिकेत न आंबवलेल्या गढूळ रसालाही ‘सायडर’ म्हणतात. त्यामुळे मद्याचा वेगळा उल्लेख करण्यासाठी तेथे ‘हार्ड’ हा शब्द जोडला जातो. ब्रिटनमध्ये नुसते ‘सायडर’ म्हटले की मद्यच.

आपल्याकडे नीरा आणि ताडीचे नाते असेच आहे. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढले की आंबू लागते आणि तिची ताडी होते. सायडरमध्ये हीच क्रिया नियंत्रणात ठेवली जाते. फळे धुऊन ठेचतात, चोथा दाबून रस काढतात. १० किलो फळातून साधारण ५ ते ६ लिटर रस निघतो. त्यात यीस्ट घातले की साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढते. त्यामुळे लिटरला १०० ते १२० ग्रॅम साखर असलेल्या रसातून ६ ते ७ टक्क्यांचे सायडर होते. वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी झडप भांड्याला लावतात. साखर संपण्यापूर्वी बाटली बंद केली तर आतला दाब वाढून ती फुटू शकते. हौशी मंडळींच्या हातून घडणारा हा नेहमीचा अपघात.

उन्हाळी सफरचंदाचे सायडर चांगले होईल का?

सायडरची खास सफरचंदे खाण्याच्या सफरचंदांपेक्षा वेगळी असतात. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांची चार गटांत विभागणी केली : गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. आम्ल आणि तुरटपणा देणारे टॅनिन किती, यावर गट ठरतो. ‘डॅबिनेट’, ‘किंग्स्टन ब्लॅक’ ही त्यातली नावाजलेली वाणे. ती चावून खायला नकोशी वाटतात, पण सायडरला अंग त्यांच्यामुळेच येते.

‘अ‍ॅना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ किंवा ‘एचआरएमएन-९९’ ही खाण्याची फळे आहेत. त्यांत टॅनिन कमी. उष्ण हवेत पिकताना फळातील आम्लही घटते. आम्ल कमी म्हणजे रसाचा सामू जास्त. सामू ३.८ च्या वर गेला की नको असलेले जिवाणू वाढण्याचा धोका असतो. यापेक्षा मोठी अडचण ऋतूची आहे. युरोपात सफरचंद सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये निघते आणि रस पुढे थंडीत, १५ ते २० अंशांच्या आसपास संथपणे आंबतो. वेळापुरात फळ निघते तेव्हा घरातही पारा तिशीच्या वर असतो. अशा उष्णतेत आंबण्याची क्रिया भडकते, वास बिघडतो आणि थोडी हवा लागली तरी रस व्हिनेगरकडे झुकतो. थंड खोलीशिवाय येथे चांगले सायडर होणे अवघड.

घरी, स्वतःपुरते केले तर कायदा काय म्हणतो?

घरगुती सायडरच्या परदेशी चित्रफितींत न सांगितली जाणारी गोष्ट हीच. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढाला घरच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलनपर्यंत वाइन करता येते आणि सायडरही त्यात मोडते. ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या सायडरवर कर नाही. महाराष्ट्रात तशी मुभा नाही.

येथे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जाई. त्यातील ‘दारू’ची व्याख्या केवळ गावठी हातभट्टीपुरती नाही. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव तिच्यात येतात. अधिनियमाच्या कलम १२ नुसार परवान्याविना दारू तयार करण्यास मनाई आहे आणि कलम ६५ मध्ये त्यासाठी शिक्षा आहे. विक्री केली नाही, एकच बरणी होती, फळ स्वतःच्या बागेतले होते, यांपैकी कशानेही उत्पादनाचा गुन्हा टळत नाही. दारू पिण्याचा वैयक्तिक परवाना असला तरी त्यातून ती तयार करण्याचा अधिकार मिळत नाही.

मग शेजारी वाइन कशी तयार होते?

वेळापूरपासून जवळच अकलूज परिसरात, माळशिरस तालुक्यातीलच मोटेवाडीत ‘फ्रातेल्ली’ची वायनरी आहे. सोलापूरच्या उन्हात द्राक्ष वाढवून त्याची वाइन देशभर जाते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि वाइनला कृषी प्रक्रिया उद्योग म्हणून प्रोत्साहन दिले. म्हणजे फळ आंबवण्याला राज्यात सरसकट बंदी नाही. ते परवान्याने, नोंदवलेल्या जागेत आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली करावे लागते.

अन्नसुरक्षेचे नियम वेगळे. केंद्राच्या २०१८ च्या मद्यपेय मानकांनुसार ०.५ टक्क्यापेक्षा अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्यपेयात मोडते आणि फळांच्या वाइनलाही ही मानके लागू आहेत. प्रयोगशाळा तपासणी, लेबल, इशारा हे सारे त्यात आले. वीस-पंचवीस झाडांच्या जोरावर हा खर्च निघत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा चालू वायनरीशी करार असेल तरच हा विचार व्यवहार्य ठरतो. सामाजिक बाजूही आहे. मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ मधील निर्णय विरोधामुळे अमलात आला नाही. पालखीच्या मुक्कामाच्या गावात हा विषय अधिकच नाजूक.

उरलेल्या फळाचे काय करता येईल?

सर्वांत सरळ वाट रसाची. काढलेला रस लगेच तापवून, गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरला तर तो आंबत नाही. कच्चा रस जूनच्या उष्णतेत दोन दिवस झाकून ठेवला तर तो आपोआप आंबू लागतो, हे ध्यानात ठेवावे. जॅम, मुरंबा, वाळवलेल्या फोडी यांनाही अल्कोहोलचा प्रश्न नाही. विक्रीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पांना ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत पतसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. तिची सद्यस्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात कळू शकते.

व्हिनेगरला मागणी आहे, पण तेथे एक पेच आहे. खरे सायडर व्हिनेगर करताना रस आधी मद्याच्या टप्प्यातून जातो, मगच त्यातील अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल होते. अंतिम पदार्थ मद्य नसला तरी मधला टप्पा मद्याचाच. त्यामुळे व्यवसाय म्हणून उतरण्यापूर्वी सोलापूरच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयातून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे. आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असणेही बंधनकारक आहे.

मग लागवड करावी का?

रोपवाटिकेचा दलाल सांगतो त्या हिशेबात प्रत्येक झाडाला भरघोस फळ असते आणि प्रत्येक फळाला किरकोळ बाजाराचा भाव. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न नसते. त्यानंतरही भाजलेला, बारीक माल वेगळा काढावा लागतो. तो माल सायडरमध्ये खपेल, हे गृहीत धरून एकरभर डाळिंब काढणे म्हणजे जो पदार्थ घरी करताच येणार नाही, त्याच्या भरवशावर कर्ज काढणे होय. त्याऐवजी बांधावर किंवा पाच-दहा गुंठ्यांत दोन-तीन वाणांची मोजकी झाडे लावून तीन हिवाळे पाहावेत. कोणत्या वाणाला किती फुले आली, किती फळे भाजली, सामू आणि साखर किती भरली, याची वही ठेवावी. रोपे घेताना वाणाचे नाव, खुंट आणि पक्की पावती मागावी. वेळापूरच्या मातीत कोणते सफरचंद टिकते, याचे उत्तर त्या वहीत मिळेल. क्षेत्र वाढवायचे की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.