डोंगरवाटांवर धावताना – भाग ५ : राजगड ते तोरणा, धारेवरचे बारा किलोमीटर

गेल्या आठवड्यात आपण कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची वाट पाहिली. त्या वाटेवर चढउतार भरपूर असले तरी रस्ता आणि वस्ती फारशी दूर नसते. थकलेला माणूस एखाद्या सोंडेवरून खाली उतरू शकतो. आजची वाट तशी नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघून तोरण्याच्या बुधला माचीवर पोहोचणारी ही धार नकाशावर सुमारे १२ किलोमीटर भरते. सपाटीवर हे अंतर तासाभरात संपवणारे धावपटू इथे चार-चार तास घेतात, आणि पाठीवर सामान घेतलेल्या भटक्यांचे सहा-सात तास सहज जातात. सह्याद्रीत धावण्याची तयारी करणाऱ्याने हा फरक कशामुळे पडतो ते आधी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. ते समजले नाही तर पाणी, वेळ आणि उजेड या तिन्हींचा हिशेब चुकतो.

डोंगरातल्या वेळेचा सगळ्यात जुना ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. तासाला ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास जोडा, एवढाच तो आहे. राजगड-तोरणा वाटेवर एकूण चढ ७०० मीटर धरला, तर चालणाऱ्याला साडेतीन तास लागायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. हल्ली ट्रेल रनिंगमध्ये दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर असे धरतात. त्या हिशेबाने ही वाट १९ किलोमीटरची होते, तरीही वेळेचा मेळ बसत नाही. दोन्ही सूत्रे चढ मोजतात. उतार मोजत नाहीत, आणि पायाखाली काय आहे तेही मोजत नाहीत. ही वाट कठीण होते ती या दोन गोष्टींनी.

पायाखालची जमीन कशी आहे हे कळायला थोडे मागे जावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. सगळे थर सारखे टणक नव्हते. घट्ट बसाल्टाचे थर झिजले नाहीत, त्यांचे उभे कडे झाले. पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ थर मात्र कुजत गेले आणि त्यांचे उताराचे पदर झाले. म्हणून सह्याद्रीचा डोंगर बाजूने पाहिला की जिन्यासारखा दिसतो : कडा, मग पदर, पुन्हा कडा. पदरावर धावता येते. कड्याच्या पट्ट्यात मात्र वाट एखादी घळ किंवा भेग शोधून चढते, आणि कड्याच्या पायथ्याशी त्याच्याच पडलेल्या दगडांचा आणि मुरमाचा घसारा असतो. धावपटूची लय इथे हमखास तुटते. दहा मिनिटे सुरेख धावावे, मग पाच मिनिटे हात लावून उतरावे, असाच हा प्रवास आहे.

राजगडावर पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाज्याने चढले तरी शेवटचा टप्पा असाच कातळातला आहे. तिथे रेलिंग धरूनच वर जायचे. पद्मावती माचीवर टाक्यांत पाणी मिळते, ते इथेच भरून घ्यावे. पुढे जवळपास अडीच किलोमीटर लांबीची संजीवनी माची, तिची दुहेरी तटबंदी आणि मग अळू दरवाजा. खरी परीक्षा इथून सुरू होते. अळू दरवाज्याखालचा उतार तीव्र आहे आणि पाय अजून ताजे असल्याने माणूस तो वेगात उतरतो. मला विचाराल तर या वाटेवरची सगळ्यात महागात पडणारी चूक तीच.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा वेग रोखतात. आकुंचन पावत असतानाच ते ताणले जात असतात. या ताणात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. लगेच फारसे दुखत नाही, पण ताकद कमी होते, गुडघा हवा तसा सावरला जात नाही आणि दीड-दोन तासांनी अरुंद धारेवर पाय नको तिथे पडतो. समाधानाची गोष्ट ही की उताराची सवय लावून घेता येते. एकदा नीट उतारावर सराव केला की त्याच स्नायूंना पुढचे काही आठवडे तेवढी इजा होत नाही. पुण्यातले बरेच धावपटू सिंहगडाची आतकरवाडीची वाट पुन्हा पुन्हा चढतात आणि उतरताना गाडीने येतात किंवा रमतगमत येतात. राजगड-तोरण्यासाठी उतरण्याचाच सराव जास्त हवा. पावले आखूड, नजर चार-पाच पावले पुढे, आणि टाच रोवून ब्रेक लावायचा नाही. मुरमावर टाच रोवली की पाय सरकलाच.

हा उतार संपला की राजगड-तोरण्यामधल्या खिंडीत रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की पुन्हा धार. इथली जमीन महिन्यागणिक बदलते, म्हणून एका मोसमातल्या वेळेवरून दुसऱ्या मोसमाचा अंदाज बांधू नये. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते आणि ढगात धारेची कड दिसत नाही. तेव्हा ही वाट धावण्यासाठी नाही, हे मी ठामपणे सांगतो. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते, त्याखालचा दगड किंवा खड्डा कळत नाही, आणि ऊनही चटका देते. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण तोवर गवत वाळून उताराच्या दिशेने आडवे पडलेले असते आणि त्यावर चांगल्या बुटांचीही पकड राहत नाही. फेब्रुवारीनंतर मुरूम मोकळा होतो, सावली संपते. उघड्या दगडांत फुरसे असू शकते, तेव्हा हात टेकण्यापूर्वी पाहावे. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर आरडाओरडा, धूर, उग्र वासाचे अत्तर काहीही नको. गुपचूप पुढे सरकावे.

पाण्याबद्दल दोन शब्द. राजगड सोडल्यावर तोरण्यापर्यंत भरवशाचे पाणी नाही असेच धरून चालावे. माणशी तीन लिटर जवळ हवे. मात्र घामाबरोबर मीठही जाते. तासन्‌तास नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते, डोके जड होते, मळमळते, आणि दमलेला माणूस ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून आणखी पाणी पितो. मीठ-साखरेचे पाणी, खारे शेंगदाणे, लिंबाचे लोणचे लावलेली पोळी, जे पोटाला चालते ते घ्यावे, पण मीठ घ्यावे.

तोरण्याची उंची १४०३ मीटर. शेवटी बुधला माचीवर चढताना कातळाचा टप्पा आहे, नेमका माणूस सर्वांत थकलेला असताना. तिथे घाई नको. एकाने चढावे, बाकीच्यांनी खाली सुटणाऱ्या दगडांच्या रेषेबाहेर थांबावे. माचीवरून कोकण दरवाज्याने मुख्य गडावर आणि मेंगाईच्या देवळापाशी येता येते. त्यानंतरही बिनी दरवाज्याने पायथ्याच्या वेल्हे गावापर्यंतचा सुमारे ७०० मीटरचा उतार उरतोच. आपण गडावर पोहोचलो म्हणजे झाले असे धरणारे या उतारावर घोटे मुरगाळून घेतात.

त्यामुळे निर्णय खिंडीतल्या रस्त्यावरच घ्यावा. या वाटेवरून सुरक्षित बाहेर पडण्याची ती शेवटची सोयीची जागा आहे. तिथे पोहोचल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : दीड लिटरपेक्षा जास्त पाणी आहे का, सोबतच्या सर्वांत दमलेल्या माणसाला पायऱ्या उतरताना गुडघा आवरता येतो आहे का, आणि अंधार पडायला किमान पाच तास आहेत का. यांतले एकही उत्तर नाही असेल तर रस्त्याने वेल्ह्याकडे वळावे. जो सर्वांत मागे आहे त्याच्या उत्तरावर सगळ्यांचा निर्णय व्हावा, आणि हे निघण्यापूर्वी गुंजवण्यातच ठरलेले असावे.

(पुढील भागात : कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील वाटा)