देवळाशेजारची टांकसाळ

ब्रसेल्सच्या एका ऑपेरागृहात 25 ऑगस्ट 1830च्या रात्री प्रयोग पाहता पाहता प्रेक्षक पेटून उठले, रस्त्यावर आले आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या उठावाला तोंड फुटलं. त्या ऑपेरागृहाचं नाव ‘ला मोने’. एका जुन्या टांकसाळीच्या जागेवर ते उभं आहे म्हणून हे नाव. चिलीच्या राजधानीत राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय ज्या वाड्यात आहे, 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्करानं बंड करून ज्याच्यावर विमानांतून मारा केला आणि ज्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा अंत झाला, तो वाडा ‘ला मोनेदा’. तोही बांधला गेला टांकसाळ म्हणूनच. आम्स्टरडॅममध्ये तर मुंटटोरेन नावाचा एक मनोरा आहे. 1672मध्ये फ्रेंच फौजा देशात घुसल्या तेव्हा थोडाच काळ तिथं नाणी पाडली गेली. काम कधीच बंद झालं, ‘टांकसाळीचा मनोरा’ हे नाव मात्र साडेतीनशे वर्षं टिकून आहे.

मोने, मोनेदा, मुंट ही तिन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. तो शब्द ‘मोनेता’. आणि त्याचा पैशाशी मुळात काडीचाही संबंध नव्हता. ते एका देवीचं बिरुद होतं.

रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीच्या एका शिखरावर जूनो मोनेता या देवीचं देऊळ होतं. लूसियस फ्युरियस कॅमिलस या सेनानीनं इ. स. पू. 345मध्ये लढाईच्या धामधुमीत त्याचा नवस बोलला आणि पुढच्याच वर्षी देऊळ उभं राहिलं. लिव्ही हा रोमन इतिहासकार त्या जागेची हकीकत सांगतो. तिथं पूर्वी मार्कस मॅनलियसचं घर होतं. गॉल टोळ्यांनी रोमला वेढा घातला असताना हंसांच्या कलकलाटानं जागा होऊन ज्यानं टेकडी वाचवली, तोच हा मॅनलियस. पुढे राजा होऊ पाहतो असा ठपका ठेवून त्याला देहदंड दिला गेला आणि त्याचं घर पाडलं गेलं. त्या मोकळ्या जागेवर, लिव्हीच्या शब्दांचा आशय सांगायचा तर, मोनेताचं देऊळ आलं आणि कारखानाही. हा कारखाना म्हणजे रोमची टांकसाळ. टेकडीवरची जागा तटबंदीची, सुरक्षित. चांदी ठेवायला त्याहून बरी जागा कुठली?

लोक टांकसाळीला देवळाच्या नावानं ओळखू लागले. मग तिथून बाहेर पडणाऱ्या नाण्यालाही तेच नाव पडलं. मला या प्रवासातली ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. देवीनं लक्ष्मीसारखं धनाचं वरदान दिलं होतं म्हणून हे घडलं नाही. शब्द पैशाला चिकटला तो निव्वळ शेजारामुळे.

तिला मोनेता का म्हणायचे? रोमन वक्ता सिसेरो सांगतो, भूकंपाच्या वेळी देवळातून आवाज आला की गाभण डुकरिणीचा बळी द्या. बजावणारी, सावध करणारी ती मोनेता. लॅटिनमध्ये ‘मोनेरे’ म्हणजे सावध करणं. पण पुढे तो स्वतःच विचारतो की त्या डुकरिणीनंतर तिनं आपल्याला कधी कशाबद्दल सावध केलं आहे का. वर्गातला ‘मॉनिटर’ खरोखरच मोनेरेचा वंशज आहे. मोनेताबद्दल मात्र भाषाशास्त्रज्ञ साशंक आहेत, कारण व्याकरणाच्या नेहमीच्या वाटेनं मोनेरेपासून हे रूप सहज होत नाही. मलाही सिसेरोची कथा नावावरून मागाहून रचलेली वाटते.

इ. स. पू. 46मध्ये टायटस कॅरिसियस या टांकसाळीच्या अधिकाऱ्यानं पाडलेलं चांदीचं नाणं याच देवीचं आहे. एका बाजूला केस नीट बांधलेल्या देवीचा मुखडा आणि ‘मोनेता’ ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला नाणं पाडायचा ठसा, त्याच्या एका अंगाला सांडशी, दुसऱ्या अंगाला हातोडा आणि भोवती पानांची माळ. देवी आणि कारागिराची हत्यारं अशी एकाच चकतीच्या दोन अंगांना आहेत. साम्राज्याच्या काळात मोनेता जूनोपासून सुटी झाली आणि हातात तराजू घेतलेली टांकसाळीची स्वतंत्र देवता म्हणून नाण्यांवर दिसू लागली.

पुढे ज्याच्या कानावर हा शब्द ज्या अर्थानं पडला, त्यानं तो अर्थ उचलला. जर्मन ‘म्युन्त्स’ म्हणजे नाणंही आणि टांकसाळही. रशियनमध्ये ‘मोनेता’ म्हणजे नाणं. फ्रेंच ‘मोने’ला चलन असाही अर्थ आहे, पण पॅरिसच्या बेकरीत तुम्ही पाव घेऊन मोठी नोट पुढे केलीत आणि बाई ‘मोने’ मागू लागली, तर तिला सुट्टे हवे आहेत. पोर्तुगीजांनी मधला ‘न’ गाळून ‘मोएदा’ केलं. दोन स्वरांमधला न गाळणं ही त्या भाषेची खोडच; लूनाची म्हणजे चंद्राची तिनं लूआ केली. कुंभकारातला क गाळून कुंभार करणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्यात नवल वाटलं नसतं. हा मोएदा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कनं 1510मध्येच गोव्यात नाणी पाडून घेतली होती, आणि पणजीतली एक जुनी वास्तू आजही ‘काझा द मोएदा’, टांकसाळीचं घर, म्हणून ओळखली जाते.

इंग्रजीनं हा शब्द एकदा घेऊन भागवलं नाही. जर्मानिक टोळ्यांनी रोमनांकडून तो फार लवकर उचलला होता, त्याचं ‘मिंट’ झालं. मग फ्रेंचमधून तोच पुन्हा आला तो ‘मनी’ होऊन. तिसऱ्यांदा विद्वानांनी थेट लॅटिनमधून ‘मॉनेटरी’ आणलं. मुंबईत फोर्टमध्ये 1820च्या दशकात बांधायला घेतलेली मिंट आहे आणि समोर रिझर्व्ह बँक, जिथं मॉनेटरी पॉलिसी ठरते. एका रस्त्याच्या दोन बाजूंना ही दोन चुलत भावंडं आहेत.

खुद्द इटलीत मात्र टांकसाळीला मोनेता म्हणत नाहीत. तिथं शब्द आहे ‘त्सेक्का’, आणि तो अरबी ‘सिक्का’वरून आला, म्हणजे नाण्याचा ठसा. आपला शिक्काही तिथलाच. व्हेनिसच्या त्सेक्कात 1284पासून डुकाट हे सोन्याचं नाणं पडू लागलं आणि पुढे टांकसाळीच्या नावावरून त्याला ‘त्सेक्किनो’ म्हणू लागले. व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावरही उतरलं. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख अशा उभट आकृती असतात, म्हणून मराठी माणसानं त्याला पुतळी म्हटलं. पुतळ्यांच्या माळेत पूर्वी ही व्हेनिसची नाणीही ओवलेली असत.