उलटं न फिरणारं इंजिन

माजरीच्या खुल्या खाणीत डंपरच्या डिझेल इंजिनांची घरघर पाळी बदलली तरी थांबत नाही. ती ऐकत वाढल्यामुळेच असेल, 'नीलगिरी' या युद्धनौकेवर लिहायला घेतलं तेव्हा तिच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रांपेक्षा मला तिच्या इंजिनखोलीची ओढ जास्त लागली.

माझगाव डॉकने बांधलेली ही फ्रिगेट 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. लांबी 149 मीटर, वजन साडेसहा हजार टनांवर. याच गोदीत बांधलेली, याच नावाची पहिली फ्रिगेट 1972 मध्ये दाखल झाली होती. ती ब्रिटिश लिअँडर आराखड्याची, वाफेवर चालणारी.

नव्या नीलगिरीत दोन शाफ्ट आणि प्रत्येकामागे दोन इंजिनं: एक डिझेल, एक गॅस टर्बाइन. गस्तीच्या संथ चालीला डिझेल पुरतं. सुसाट निघायचं झालं की ते सोडून टर्बाइन जोडायचं. दोन्ही एकदम कधीच नाहीत. टर्बाइन मिनिटाला सुमारे 3600 फेरे घेतं. प्रोपेलरला एवढा वेग चालत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स.

पण हे टर्बाइन उलटं फिरत नाही. मग जहाज मागे कसं घ्यायचं? शाफ्ट त्याच दिशेने फिरत राहतो आणि तेलाच्या दाबाने प्रोपेलरची पाती जागच्या जागी वळतात. कोन बदलला की मागे ढकललं जाणारं पाणी पुढे ढकललं जातं. हजारो टनांची नौका या पात्यांच्या वळण्यावर थांबते, मागे सरकते. एवढी देखणी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

काळजी आहे ती टर्बाइनचीच. नौकेत 75 टक्के स्वदेशी वाटा असल्याचं सांगितलं जातं, पण टर्बाइनचा आराखडा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा. परक्या इंजिनावर विसंबल्याने काय होतं, ते 'तुशील'ने दाखवलं. ही फ्रिगेट रशियात बांधली, टर्बाइन युक्रेनचं. 2014 नंतर युक्रेनने रशियाला इंजिनं देणं बंद केलं. शेवटी भारताने ती स्वतः विकत घेऊन रशियन गोदीला दिली. नौका दाखल व्हायला डिसेंबर 2024 उजाडला.

आपल्याकडेही कावेरी या विमान इंजिनावरून सागरी टर्बाइन घडवलं गेलं आणि विशाखापट्टणमला त्याच्या चाचण्याही झाल्या. त्याची ताकद सुमारे 12 मेगावॉट भरली. नीलगिरीच्या एका टर्बाइनची ताकद जवळपास दुप्पट आहे.